‘मुंढे नेहमीप्रमाणे घटवा’ म्हणजे नेमके किती टाके? (अण्णांचा फुल बाहीचा स्वेटर)

जालन्याची_मुक्ता
नमस्कार मंडळी. अण्णांसाठी स्वेटर विणायलेय, फुल बाहीचा, व्ही गळ्याचा. पाठ काखेपर्यंत आली आणि तिथंच गाडी अडकली बघा. नमुना आत्याच्या वहीतला आहे, डिझाईन-बिझाईन काही नाही, एक सुई म्हणजे एक ओळ सुलट, पुढची उलट, खाली एक टाका सुलट एक उलट अशी बॉर्डर. बॉर्डर किती, उंची किती सगळं व्यवस्थित लिहिलंय आणि मुंढ्यापाशी, म्हणजे जिथं बाही जोडतात त्या गोलाईपाशी, आलं की एकच ओळ, "मुंढे नेहमीप्रमाणे घटवा". आता कुणाच्या नेहमीप्रमाणे? आत्याला फोन केला तर म्हणते अगं डोळ्यानं बघून घटवायचं, त्यात लिहायचं काय.
सुया ९ नंबर, सुईवर ११६ टाके आहेत. अण्णांची छाती ३८, शर्टवरून घालणार म्हणून ४ इंच जास्तीचे धरले. गव्हाला पाणी द्यायला रात्रीचं जावं लागतं त्यांना, आमच्याकडं शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच येते, त्यामुळं फावडं मारताना हात मोकळा हलला पाहिजे. म्हणून मी मुंढा चांगला खोल ठेवणारे, १०-११ इंच तरी. बरोबर ना? आणि टाके किती बंद करू, म्हणजे सुईवरून उतरवून कमी करू, ते सांगा प्लीज, थंडी सुरू झालीये.

परभणीकर_काकू
मुक्ता बाळा, ५-३-२-१. दोन्ही बाजूंनी आधी ५ टाके बंद, मग ३, मग २, मग १. झाला मुंढा. पुढं खांद्यापर्यंत सरळ. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी कित्येक मुलींना हेच शिकवलं, इकडं परभणीत थंडी म्हणजे काय असते माहीत आहे ना, कृषी विद्यापीठानं मोजलेल्या तापमानाचा आकडा पेपरात आला की घरोघर सुया निघायच्या. वहीत लिहिलेलं नेहमीप्रमाणे म्हणजे हेच.

बिनकामाचा_बीडकर
एवढ्या कुटाण्यात रेडीमेड स्वेटर आला असता ना ताई, थंडीत रस्त्याकडंला दुकानं लागतात की

जालन्याची_मुक्ता
@बीडकर भाऊ, अण्णांच्या मापाचा मिळाला असता तर आणलाच असता. त्यांचे हात लांब आहेत, रेडीमेडची बाही मनगटाच्या वरच राहते, आणि रात्री तिथूनच वारं घुसतं.
@काकू, थँक्यू. पण दोन्ही बाजूंनी ५ म्हणजे एकाच सुईत सुरुवातीला ५ आणि शेवटी ५ का? शेवटी बंद करून बघितले तर लोकर अडकूनच बसायली.

परभणीकर_काकू
नाही नाही. लोकर ज्या टोकाला असते त्याच टोकाला टाके बंद होतात. म्हणजे सुईच्या सुरुवातीला ५ बंद कर, राहिलेले विणून टाक, काम फिरव, आता त्या सुईच्या सुरुवातीला ५ बंद. एक बाजू एका ओळीनं वर येते, येऊ दे, शिवल्यावर ब्रह्मदेवालाही कळत नाही.

गुलमंडी_ते_गारखेडा
काकू, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहेच पण ५-३-२-१ असं सरसकट सांगू नका ना. ते कुठल्या लोकरीला, कुठल्या सुईला, कुणाच्या अंगाला? मुंढ्यात किती टाके जाणार हे छातीवरून ठरतच नाही, ते ठरतं खांद्यावरून. छातीच्या रुंदीचे टाके वजा खांद्याच्या रुंदीचे टाके, जे उरतील ते निम्मे एका बाजूला निम्मे दुसऱ्या. बास एवढंच आहे. त्यामुळं मुक्ता, अण्णांचा खांदा मोज, पाठीमागून, एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या हाडाच्या टोकापर्यंत टेप सरळ धरून. शर्टावरून माप घेऊ नकोस, शर्टाचा खांदा बऱ्याचदा हाडाच्या खाली उतरलेला असतो. आणि ४ इंचात किती टाके किती ओळी बसायल्यात ते पण सांग. पाठ विणलेलीच आहे तर मधोमध कुठंतरी टेप ठेव, काठाला नको आणि बॉर्डरवर तर नकोच. टेबलावर आडवं पसरून मोज, हातात लटकवून मोजलं की लांबी जास्त भरते.

जालन्याची_मुक्ता
मोजलं. खांदा १७ इंच. ४ इंचात २२ टाके आणि ३० ओळी. अण्णा विचारतेत शिंप्याकडं टाकायलीस का 😄

गुलमंडी_ते_गारखेडा
छान. म्हणजे इंचाला साडेपाच टाके, साडेसात ओळी. पाठ २१ इंच, तुझे ११६ टाके बरोबर आहेत. खांदा १७ गुणिले साडेपाच म्हणजे साडेत्र्याण्णव, ९४ धर, सम आकडा बरा पडतो. ११६ वजा ९४, राहिले २२. एका बाजूला ११.
आता हे ११ कसे घालवायचे. साधारण निम्मे एकदम बंद करायचे, तो काखेतला सपाट भाग, इंचभर येतो. म्हणजे ६ बंद. राहिलेले ५ एक-एक करून, फक्त सुलट बाजूच्या सुईवर, दोन्ही टोकांना एक-एक, म्हणजे एकाआड एक ओळ. ५ वेळा घटवायचं म्हणजे १० ओळी. त्यानं गोलाई येते. मग ९४ टाक्यांवर सरळ वर.

परभणीकर_काकू
५ आणि ३ आठ, आठ आणि २ दहा, आणि १ अकरा. अकरा! मी काय म्हणलं होतं पहिल्या उत्तरात?

गुलमंडी_ते_गारखेडा
काकू 🙏 यावेळी जमलं, मान्य. पण का जमलं ते बघा. हेच अण्णा, हाच खांदा, फक्त लोकर जाड घेतली, इंचाला ४ टाके बसणारी. पाठ ८४ टाके, खांदा ६८. वजा केले की १६, एका बाजूला ८. तिथं तुम्ही ११ घालवले तर वर राहतात ६२, म्हणजे साडेपंधरा इंच. खांदा दीड इंचानं तोकडा, बाही गळ्याकडं ओढणार. उलट बारीक तीन प्लाय, म्हणजे तीन पदरी लोकर, घेतली ११ नंबरवर, इंचाला साडेसात टाके. पाठ १५८, खांदा १२८, फरक ३०, एका बाजूला १५ जायला हवेत. तुमचे ११ च गेले तर खांदा १८ इंचाच्या वर जातो आणि बाहीची शिवण दंडावर लोंबते.
लहान पोराचं तर विचारूच नका. समजा पाठ ७४ टाके आहे आणि खांदा साडेदहा इंच, म्हणजे ५८. एका बाजूला ८ च घालवायचेत. तिथं ५-३-२-१ केलं की इंचभर खांदा गायब, आणि आई म्हणणार पोरगं वाढलं.

परभणीकर_काकू
आकडेमोड पटली बाई. पण एक सांगते, आमच्या वेळेला दुकानात लोकर एकाच जाडीची यायची आणि घरात सुया १० नंबरच्याच असायच्या, सगळ्या जणी त्याच मापात विणायच्या, म्हणून तो आकडा तोंडात बसला. आता सतरा प्रकारची लोकर मिळते तर तुझा हिशोब चांगला. पण पायऱ्या-पायऱ्यानं घटवायची पद्धत मी सोडणार नाही, गोलाई त्यानं जास्त सुरेख येते, तुझ्या एकदम ६ बंद नि मग एकेकमध्ये काखेत कोपरा राहतो.

लोकरवेडी_हिंगोली
पण काकू पायऱ्यांनी केलं की काठ पैठणच्या घाटासारखा दिसतो, बाही जोडताना सुई कुठं घालावी कळंना होतं. माझा तर दर वेळेस तिथं भोक पडतंय.

परभणीकर_काकू
त्याला युक्ती आहे ना. पहिले ५ नेहमीसारखे बंद कर. पुढच्या खेपेला, म्हणजे जिथं ३ बंद करायचेत त्याच्या आधीच्या सुईवर, शेवटचा एक टाका विणायचाच नाही, तसाच सोडायचा. काम फिरव. तो न विणलेला टाका आता उजव्या सुईवर आहे. डाव्या सुईवरचा पहिला टाका पण न विणता उजवीकडं घे आणि सोडलेला टाका त्याच्यावरून काढून टाक. हा झाला एक बंद. पुढचे दोन नेहमीसारखे. असं केलं की पायरी मोडते आणि तिरका काठ येतो. खांद्याला उतार देताना पण हेच.

लोकरवेडी_हिंगोली
अगगं किती सोप्पं, एवढी वर्षं कुणी सांगितलंच नाही

टेलरमास्तर_गंजगोलाई
मी विणकामातला नाही, बायको विणते, तिनं हा धागा वाचायला दिला. दुकान आहे माझं शिलाईचं लातूरला. टाक्यांचं तुम्ही बघा, मी फक्त मुंढ्याच्या खोलीबद्दल बोलतो, कारण मुक्ताताईंनी पहिल्याच पोस्टमधी लिहिलंय की हात मोकळा हलावा म्हणून १०-११ इंच खोल ठेवणार, आणि तेवढं सोडून बाकी सगळ्यावर चर्चा झाली.
ताई, उलटं होतं. बाहीच्या कपड्याला मुंढा जेवढा खोल तेवढा हात अडकतो. बघा, बाहीचा खालचा जोड अंगाला कुठं शिवलाय? काखेत. तो काखेच्या जवळ असला तर हात वर केला की फक्त बाही वर जाते. तो चार बोटं खाली उतरवला, की हात वर करताना बाही त्या जोडाला धरून अख्खी बाजूच वर ओढते, कपडा पोटावर चढतो आणि कमरेला वारं लागतं. गिऱ्हाईक येऊन म्हणतं मास्तर काखेत आवळतंय, जरा मुंढा उतरवा, आणि उतरवला की अजून आवळतं. काखेत कापड खुपत असेल, कातडीला लागत असेल, तर उतरवायचा. हात उचलायला त्रास होत असेल तर मुंढा उतरवून तो जात नाही, बाही अरुंद असते नाहीतर पाठ कमी पडलेली असते.
३८ छातीला, शर्टावरून घालायचं म्हणून, ९ इंच भरपूर झाले. त्याच्यावर जाऊ नका. घरात स्वेटर असतील तर दोन्ही हात वर करून आरशासमोर उभं राहा, खालची कड किती चढते बघा.

जालन्याची_मुक्ता
मास्तर, आत्ताच करून बघितलं. अण्णांचा जुना रेडीमेड स्वेटर, मुंढा ११ च्या वर आहे आणि हात वर केले की पार बेंबीपर्यंत! आम्ही इतके दिवस समजत होतो की तो आखूड आहे म्हणून चढतो. बरं झालं दाखवलं. मग ९ इंच म्हणजे किती ओळी ते मीच काढते, थांबा.
९ गुणिले साडेसात, साडेसदुसष्ट, ६८ ओळी. त्यातल्या २ ओळी बंद करायच्या, १० घटवायच्या, राहिल्या ५६ सरळ. बरोबर?

गुलमंडी_ते_गारखेडा
एकदम बरोबर. आणि टेपनं तपासताना उभं सरळ मोज, जिथं ६ बंद केले त्या ओळीपासून सुईपर्यंत काटकोनात. गोलाईच्या काठाकाठानं मोजलंस तर ९ लवकर भरतील आणि मुंढा खरं तर कमी होईल. बऱ्याच जणींच्या बाह्या बसत नाहीत त्या याच्यामुळं.
वर खांद्याला ९४ पैकी मधले ३८ गळ्याला, दोन्हीकडं २८-२८. ते २८ सात-सातच्या चार टप्प्यात बंद कर, काकूंच्या युक्तीनं. एकदम बंद केले तर खांदा सरळ दांडीसारखा होतो, आणि माणसाचा खांदा उतरता असतो.

निवांत_नितीन
मुंढाच नको ना. सरळ चौकोन विणा, सरळ चौकोनी बाही लावा. फॉरेनमधी असेच घालतात, यूट्यूबवर आहे

लोकरवेडी_हिंगोली
घालतात, छान पण दिसतं सैलसर फॅशनमध्ये. पण त्यात खांद्याची शिवण दंडावर येते आणि काखेत लोकरीचा गोळा जमतो, वरून जाकीट घातलं की बसलंच. फावडं मारणाऱ्या माणसाला कशाला ते.
आणि यूट्यूबवरून सुया घेताना जपून हं सगळ्यांनी. आपल्याकडं नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत उलट आहे. आपली ८ नंबर ४ मिलीमीटरची, त्यांची ८ नंबर ५ ची. आपली १० नंबर सव्वातीन मिलीमीटर आणि त्यांची १० नंबर चक्क ६. व्हिडिओत नंबर सांगितला तर तो बघूच नका, मिलीमीटर बघा.

अक्का_धाराशिव
माझा एक प्रश्न, मधीच विचारते रागावू नका. ते एक-एक टाका घटवताना दोन टाके एकत्र विणते मी, दोन्ही टोकांना, पण एका बाजूचा काठ स्वच्छ येतो आणि दुसऱ्या बाजूला दातरे दिसतात. असं का होतं?

गुलमंडी_ते_गारखेडा
अक्का, दोन टाके एकत्र सुलट विणले की वरचा टाका उजवीकडं झुकतो. सुईच्या शेवटी ते बरोबर आहे, कारण तिथला काठ पण त्याच दिशेनं आत चाललाय. पण सुईच्या सुरुवातीचा काठ डावीकडं आत जातो, तिथं टाका पण डावीकडं झुकणारा पाहिजे. त्यासाठी एक टाका न विणता उचलायचा, पुढचा सुलट विणायचा आणि उचललेला त्याच्यावरून काढायचा.
आणि अगदी काठाच्या टाक्यावर घटवू नका. सुरुवातीला २ टाके सुलट विणा, मग घटवा. शेवटी ४ राहिले की दोन एकत्र, मग २ सुलट. काठाला दोन टाक्यांची सलग पट्टी राहते, त्यात शिवायला सोपं जातं, आणि मुंढ्याची रेघ विकतच्या चांगल्या स्वेटरसारखी उठून दिसते. हे सुलट बाजूवरच करायचं.

अक्का_धाराशिव
हाव आलं ध्यानात. उलीसं उसवून बघते.

नांदेडकर_मी
मी भावासाठी बिनबाहीचा विणतेय, सेम लोकर सेम सुया म्हणजे ११६ टाके, खांदा पण १७ च आहे त्याचा. मग मी पण ११ च घालवू का? आमच्या शेजारच्या सरदारजींच्या घरातल्या वडीलधाऱ्या बीजी म्हणतात जास्त घालव. त्या दिवसाला एक बाही विणून मोकळ्या होतात, त्यांना विचारायला पण भीती वाटते कारण त्या तोंडानं सांगत नाहीत, हातातून काम काढूनच घेतात.

परभणीकर_काकू
बीजी बरोबर म्हणतात. बिनबाहीला मुंढ्याभोवती पट्टी येते ना, ती बाहेरच्या अंगाला इंचभर सरकते. ती पट्टी खांद्याच्या हाडापाशी संपायला हवी, म्हणून विणताना खांदा १७ नाही, १५ धरायचा. १५ चे झाले ८२ टाके. ११६ वजा ८२, चौतीस, एका बाजूला १७. बघ गं गारखेडावाली, शिकले का नाही तुझा हिशोब? ८ एकदम बंद, ९ एक-एक.

गुलमंडी_ते_गारखेडा
💯 काकू. आणि पट्टी काखेत पण इंचभर जागा खाते, म्हणून मुंढा इंचभर खोल, ९ च्या जागी १०. इथं मास्तरांचा नियम लागत नाही कारण बाहीच नाही, ओढणार कोण.
पट्टीचे टाके उचलताना प्रत्येक ओळीला एक उचलू नका, पट्टी झालरीसारखी फुलते. दर ४ ओळींमागं ३ टाके. कारण इंचात ओळी साडेसात आणि टाके साडेपाच, ते प्रमाण जवळजवळ पाऊणच पडतं. जिथं ८ बंद केलेत तिथं मात्र टाक्याला टाका. सुया दोन नंबरनं बारीक, ११ च्या, एक सुलट एक उलट. शेवटी बंद करताना हात सैल सोडा आणि सुलटावर सुलट उलटावर उलट असंच बंद करा, नाहीतर काखेत दोरी बांधल्यासारखं होईल भावाला.

जालन्याची_मुक्ता
पाठ झाली!! खांद्याचे टप्पे काकूंच्या युक्तीनं केले, मस्त काठ आलाय. आता पुढचा भाग काखेपर्यंत आलाय आणि इथं व्ही गळा आहे. गळा आणि मुंढा एकाच वेळेला सुरू होतो म्हणतात, दोन्हीकडनं एकदम घटवायचं म्हणजे माझं डोकं चालंना.

लोकरवेडी_हिंगोली
इथं चौकटीच्या वहीचं एक पान घे, पोराच्या गणिताच्या वहीतलं. एक चौकट एक ओळ. डावीकडं मुंढ्याच्या खुणा कर, उजवीकडं गळ्याच्या, आणि ओळ झाली की फुली मार. तोंडी लक्षात ठेवायला जाऊ नको, मध्येच कुकरची शिट्टी होते आणि सगळं जातं.
हिशोब असा. आधी दोन्ही बाजूंचे ६-६ बंद करून घे, दोन ओळीत. राहिले १०४. आता मधोमध दोन भाग, ५२-५२. एक भाग मोठ्या सेफ्टी पिनेवर ठेवून दे नाहीतर जास्तीच्या सुईवर. विणायच्या भागाला मुंढ्याकडून ५ जाणार, म्हणजे ४७. खांद्याला २८ पाहिजेत. गळ्याकडून जाणार १९.

गुलमंडी_ते_गारखेडा
आणि ते १९ असे वाटून टाक: पहिले ८ एकाआड एक ओळीला, पुढचे ११ दर चौथ्या ओळीला. १६ आणि ४४ मिळून ६० ओळी. बंद केलेल्या २ धरून ६२ झाल्या, वरच्या ६ सरळ विण. एकूण ६८, पाठीएवढ्याच. मुंढ्याचे ५ त्याच पहिल्या १० ओळीत होऊन जातात, म्हणजे दोन्हीकडनं एकदम घटवायचा घोळ फक्त १० ओळींचा आहे, पुढं नुसता गळा. दुसरा भाग याच्या आरशातला, तिथं मुंढा दुसऱ्या टोकाला येतो, घटवायची दिशा पण बदलते. अक्कांना जे सांगितलं तेच.

जालन्याची_मुक्ता
१० च ओळी? मग मी उगीच भ्यायले होते. बरं, बाहीचं पण सांगून टाका एकदाच. दंड १३ इंच, सैल धरून बाही वर १६ ठेवलीय, ८८ टाके होतात.

टेलरमास्तर_गंजगोलाई
बाहीचा डोंगर, म्हणजे मुंढ्यात बसणारा वरचा गोल भाग, जास्त उंच करू नका ताई. उंच डोंगर म्हणजे हात खाली सोडल्यावर बाही झोकात पडते, एक सुरकुती नाही, सूटाला ठीक आहे. पण हात वर उचलायला बुटका आणि पसरट डोंगर बरा, काखेत थोडी घडी पडंल, पडू द्या. तुमच्या अण्णांना रात्री शेतात कोण बघणारे.

गुलमंडी_ते_गारखेडा
मास्तरांनी सांगितल्याप्रमाणं साडेपाच इंचाच्या आसपास ठेवू. ८८ मधून दोन्हीकडं ६-६ बंद, जेवढे अंगाला केले तेवढेच, इथं फरक नको कारण हे दोन सपाट तुकडे एकमेकांना लागतात. राहिले ७६. मग एकाआड एक ओळीला दोन्ही टोकांना एक-एक, १८ वेळा, राहिले ४०. मग पुढच्या ४ सुयांच्या सुरुवातीला ४-४ बंद, राहिले २४, ते एकदम बंद. एकूण ४२ ओळी.
जोडायच्या आधी टेप त्याच्या काठावर उभा धरून डोंगराची कड मोज आणि मुंढ्याची पुढची-मागची मिळून कड मोज. डोंगर इंचभर जास्त यायला हवा, तेवढी लोकर खांद्यापाशी आपोआप मुरते. डोंगर कमी आला तर मात्र खांदा ओढला जाणार, तिथं उसवण्याला पर्याय नाही.

नांदेडकर_मी
बीजींना हा हिशोब वाचून दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या हे सगळं आम्ही बोटांवर करतो. पण मग वही मागून घेतली आणि लिहून ठेवलं 😂

बिनकामाचा_बीडकर
मावशींना विचारलं आमच्या, त्या विणतात का म्हणून. आता लोकर आणायला मलाच पिटाळायल्यात. फुल बाहीला किती लागते?

परभणीकर_काकू
आता आलास का लायनीवर. मोठ्या माणसाच्या फुल बाहीला अर्धा किलोच्या वर धरून चल, आणि सगळी एकदमच घे. गुंड्याच्या पट्टीवर लॉट नंबर असतो, तो सगळ्यांवर एकच आहे ना ते दुकानातच बघ. नंतर आणलेल्या लोकरीचा रंग दिव्यात सारखा दिसतो आणि उन्हात वेगळा.
मुक्ता, जोडायचा क्रम लिहून ठेव. आधी दोन्ही खांदे शिव. मग स्वेटर आडवा पसरून बाही लाव, डोंगराची मधली खूण खांद्याच्या शिवणीवर, सपाट तुकडा सपाट तुकड्यावर, आणि मधल्या खुणेपासून एकदा या बाजूला खाली ये, एकदा त्या बाजूला. एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला जाऊ नको, सगळी जास्तीची लोकर शेवटी एकीकडं साचते. सगळ्यात शेवटी मनगटापासून काखेपर्यंत आणि तिथून खाली बॉर्डरपर्यंत एकच सलग शिवण. आणि लोकर अॅक्रेलिकची असेल तर वरून गरम इस्त्री फिरवायची नाही, मरते ती, परत उभारी धरत नाही.

जालन्याची_मुक्ता
अॅक्रेलिकच आहे काकू. इस्त्री उचलून कपाटावर ठेवली. डावा भाग झाला, ४७ वरून २८ वर बरोबर उतरलाय, उजव्याच्या १० ओळी आज रात्री करते. बाही बसली की मोजून सांगते इंचभर मुरली का नाही ते.